‘२०३५ नंतर पेट्रोल गाड्या बंद’ म्हणजे नेमकं काय? इलेक्ट्रिक गाड्यांच्या सक्तीचा वाद, मुळापासून

‘२०३५ नंतर पेट्रोलच्या गाड्या बंद’ अशा मथळ्याची बातमी गेल्या काही वर्षांत आपण सगळ्यांनीच वाचली आहे. कधी कॅलिफोर्नियाची, कधी युरोपची, कधी ब्रिटनची. वाचणाऱ्याचा समज बहुधा असा होतो की ठरलेल्या तारखेला सरकार दारातली पेट्रोल गाडी उचलून नेणार, पंपांना टाळं लागणार आणि परवडो न परवडो, बॅटरीचीच गाडी घ्यावी लागणार. या समजावरच मग भांडण जुंपतं. हवा सुधारायची तर दुसरा मार्गच नाही, असं एक बाजू म्हणते. आमच्या पैशाने आम्ही कोणती गाडी घ्यायची हे सांगणारं सरकार कोण, असं दुसरी विचारते. नियमात काय लिहिलंय ते मात्र फारसं कुणी उघडून बघत नाही.

मी इथे मुख्यतः कॅलिफोर्नियाचा नियम घेऊन बोलणार आहे. अशा सक्तीची सुरुवात तिथूनच झाली. पस्तीस वर्षांत ती एकदा फसली, नव्याने उभी राहिली आणि २०२५ मध्ये थेट वॉशिंग्टनहून अडवली गेली. या वादात जे जे घडू शकतं ते जवळपास सगळं तिथे घडून गेलंय.

सक्ती नेमकी कुणावर?

पुण्यात हेल्मेटसक्ती झाली की पावती फाटते ती गाडी चालवणाऱ्याच्या नावाने. इलेक्ट्रिक गाड्यांची सक्ती तशी नाही. कॅलिफोर्नियाच्या ‘एअर रिसोर्सेस बोर्ड’ने, म्हणजे तिथल्या हवा नियंत्रण मंडळाने, ऑगस्ट २०२२ मध्ये जो नियम मंजूर केला, त्यात गाडी घेणाऱ्यावर कसलंच बंधन नाही. बंधन आहे गाडी बनवून विकणाऱ्या कंपनीवर. हा नियम २०२५ मध्ये अडवला गेला, पण त्यात लिहिलंय ते असं. २०२६ च्या मॉडेलपासून कंपनीने राज्यात विकलेल्या नव्या गाड्यांपैकी ३५ टक्के गाड्या धूर न सोडणाऱ्या हव्यात. २०३० ला हे प्रमाण ६८ टक्के आणि २०३५ ला १०० टक्के. जुनी पेट्रोल गाडी चालवायला, विकायला किंवा सेकंडहँड घ्यायला आडकाठी नाही. १०० टक्क्यांच्या टप्प्यातसुद्धा पाचव्या हिश्शापर्यंत प्लग-इन हायब्रिड चालतात, म्हणजे ज्यांत पेट्रोलचं इंजिनही असतं आणि घरी चार्ज करायची मोठी बॅटरीही.

एक उदाहरण घेऊन हिशेब करू. एखादी कंपनी कॅलिफोर्नियात वर्षाला एक लाख गाड्या विकते असं समजा. २०२६ साठी तिला ३५ हजारांचा कोटा आला. तिने स्वतः २५ हजार इलेक्ट्रिक गाड्या विकल्या, म्हणजे १० हजार कमी पडल्या. आता तिच्यापुढे चार रस्ते आहेत: गेल्या वर्षांत जास्त विकून साठवलेले क्रेडिट वापरायचे, दुसऱ्या कंपनीकडून क्रेडिट विकत घ्यायचे, नियमातल्या सवलती लागू करायच्या, नाहीतर दंड भरायचा. क्रेडिट म्हणजे कोट्यापेक्षा जास्त गाड्या विकल्याची सरकारी नोंद. ती कंपन्यांमध्ये विकली जाते. टेस्लाने अशी निरनिराळ्या नियमांखालची क्रेडिट विकून एकट्या २०२४ मध्ये २.७ अब्ज डॉलरहून जास्त कमावले. पैसा मागे पडलेल्या कंपन्यांच्या खिशातून निघाला आणि पुढे गेलेल्या कंपनीला मिळाला. या सक्तीची खरी ताकद दंडापेक्षा या व्यवहारात आहे, असं मला वाटतं. दर वर्षी प्रतिस्पर्ध्याला चेक लिहून द्यायची वेळ आली की कंपनीच्या संचालक मंडळाला कुणी हवामान बदलावर व्याख्यान द्यावं लागत नाही.

याच नियमातला आणखी एक भाग बातम्यांत जवळपास कुठेच येत नाही. कोट्यात धरली जाणारी गाडी एका चार्जमध्ये किमान १५० मैल, म्हणजे साधारण २४० किलोमीटर, जायला हवी. बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख मैलांची वॉरंटी हवी आणि तोवर तिची क्षमता ७० टक्क्यांखाली जाता कामा नये. हे कलम कुणासाठी आहे? आठ वर्षांनी तीच गाडी सेकंडहँड घेणाऱ्यासाठी. नवी इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्याकडे बहुधा पैसे असतातच. बॅटरी मरायला टेकलेली गाडी गळ्यात पडण्याची भीती असते ती जुनी गाडी घेणाऱ्याला.

एका राज्याला हा अधिकार आला कुठून?

याचं उत्तर १९४३ च्या उन्हाळ्यात आहे. महायुद्ध चालू होतं आणि लॉस एंजेलिसवर असा धूर दाटला की डोळे चुरचुरायला लागले, घसे धरले. शत्रूने विषारी वायू सोडला की काय, अशी शंकाही लोकांना आली. पुढे कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत काम करणारे मूळचे डच शास्त्रज्ञ आरी हाखेन-श्मित यांनी १९५० च्या आसपास दाखवून दिलं की या धुराचं मूळ मोटारी आणि तेलशुद्धीकरण कारखाने यांतून निघणाऱ्या वायूंत आहे. उन्हात त्यांची रासायनिक क्रिया होऊन ओझोन बनतो. डोंगरांनी वेढलेल्या त्या खोऱ्यात हवा अडकून राहते आणि ऊन तर भरपूर. हेच हाखेन-श्मित पुढे हवा मंडळाचे पहिले अध्यक्ष झाले.

अमेरिकेच्या संसदेने देशभर एकच वाहन-प्रदूषण नियम ठेवायचं ठरवलं, तेव्हा कॅलिफोर्निया या कामात आधीच पुढे गेलेलं होतं. म्हणून त्या एका राज्याला अपवाद मिळाला: केंद्राची परवानगी घेऊन स्वतःचे कडक नियम करा. पुढे इतर राज्यांनाही मुभा मिळाली, पण केंद्राचा नियम किंवा कॅलिफोर्नियाचा, या दोहोंपैकी एक निवडायचा. तिसरा काढायचा नाही. न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्स, ओरेगॉन, वॉशिंग्टन अशी राज्यं कॅलिफोर्नियाच्या बाजूला गेली आणि एका राज्याचा नियम अमेरिकेच्या मोठ्या बाजारपेठेचा नियम होऊन बसला.

सक्तीमुळे तंत्रज्ञान पुढे येतं का, या प्रश्नाचं पहिलं उत्तर इथेच सापडतं. केंद्राच्या १९७० च्या कायद्याने गाड्यांच्या धुरातले मुख्य घातक घटक ९० टक्क्यांनी कमी करायला सांगितले. डेट्रॉइटच्या बड्या मोटार कंपन्यांनी हे अशक्य असल्याचं सांगितलं आणि मुदतवाढ मिळवली. होंडा तेव्हा मोटारींच्या धंद्यात नवखी होती. तिने सीव्हीसीसी नावाचं इंजिन काढून १९७५ ची मर्यादा वेगळं उपकरण न लावताच गाठून दाखवली. मग १९७५ च्या मॉडेलपासून अमेरिकेतल्या बहुतेक गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले घातक वायू निरुपद्रवी करणारं उपकरण, बसू लागला. आज आपल्याकडच्या साध्यातल्या साध्या मोटारीतही तो असतो.

पण १९९० ची सक्ती फसली. ती का फसली हे सक्तीच्या समर्थकांनी जरूर वाचावं. त्या वर्षी जानेवारीत जनरल मोटर्सने ‘इम्पॅक्ट’ नावाची प्रायोगिक इलेक्ट्रिक गाडी दाखवली. ती पाहून हवा मंडळाचा आत्मविश्वास वाढला आणि त्याने नियम केला की सात मोठ्या कंपन्यांनी १९९८ पर्यंत २ टक्के, २००१ पर्यंत ५ टक्के आणि २००३ पर्यंत १० टक्के गाड्या धूररहित विकाव्यात. जनरल मोटर्सने त्यातून ईव्ही-१ काढली. दिसायला देखणी, चालवायला वेगवान. पण पहिल्या मॉडेलमध्ये बॅटऱ्या शिसे-आम्लाच्या होत्या, आपल्या इन्व्हर्टरला असतात त्याच जातीच्या. वजन प्रचंड, पल्ला जेमतेम. लिथियम-आयन बॅटरी तेव्हा नुकती कुठे कॅमेऱ्यात यायला लागली होती. १९९६ मध्ये मंडळाने सुरुवातीचे टप्पे काढून टाकले, पुढे कंपन्या कोर्टात गेल्या, केंद्र सरकारने कंपन्यांची बाजू घेतली आणि नियम आणखी सैल झाला. ईव्ही-१ विकतच नव्हती, फक्त भाडेकराराने मिळायची. अकराशेच्या आसपास बनलेल्या या गाड्या कंपनीने परत मागवल्या आणि बहुतेक चिरडून टाकल्या. वापरणाऱ्यांपैकी काहींनी आम्हाला विकत द्या म्हणून आंदोलनं केली. त्याचा काही उपयोग झाला नाही.

म्हणजे १९७५ ला सक्ती चालली आणि १९९८ ला फसली. फरक राजकीय इच्छाशक्तीचा होताच, पण मुख्य फरक रसायनशास्त्राचा होता. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आवाक्यात होता, चांगली बॅटरी नव्हती. आज त्या बाबतीत चित्र पालटलंय. लिथियम-आयन बॅटरीचा सरासरी दर २०१० च्या सुमारास किलोवॉट-तासाला, म्हणजे एक युनिट वीज साठवण्याच्या क्षमतेला, १,००० डॉलरच्या वर होता. २०२४ मध्ये तो ११५ डॉलरच्या आसपास आला. तंत्रज्ञान तयार नाही, हा आक्षेप १९९८ ला खरा होता. आता तो तितका टिकत नाही.

विरोधकांचं म्हणणं

आता विरोधकांकडे वळतो. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते झटकून टाकणाऱ्यांनी या विषयाचं नुकसानच केलंय.

सगळ्यात भक्कम मुद्दा गाडीच्या किमतीपेक्षाही पार्किंगचा आहे. ज्याचं स्वतःचं घर आहे, घराला गॅरेज आहे, त्याला इलेक्ट्रिक गाडी सोयीची आणि स्वस्त पडते. रात्री प्लग लावायचा, सकाळी बॅटरी भरलेली. भाड्याच्या फ्लॅटात राहणाऱ्याला, रस्त्याकडेला गाडी लावणाऱ्याला हे सुख नाही. त्याला सार्वजनिक चार्जरवर जावं लागतं आणि तिथे युनिटचा दर घरापेक्षा कितीतरी चढा असतो. म्हणजे कमी पैसे असणारा माणूस त्याच किलोमीटरला जास्त पैसे मोजतो. कॅलिफोर्नियाने सोसायट्यांना चार्जरला विनाकारण नकार देता येणार नाही असा कायदा केला, तरी जुन्या इमारतींचा प्रश्न सुटला नाही.

पुण्या-मुंबईत कुणी हा अनुभव घेतला असेल तर त्याला वेगळं सांगायला नको. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये आपल्या पार्किंगपर्यंत केबल ओढायची, तर आधी कमिटीकडे अर्ज. मग मीटिंगमध्ये प्रश्न: केबल कुणाच्या भिंतीवरून जाणार? महावितरणचा वेगळा मीटर घेणार की घरच्याच मीटरवरून? उद्या दहा जणांनी मागितलं तर ट्रान्सफॉर्मर झेपेल का? आग लागली तर जबाबदार कोण? यातला एकही प्रश्न फालतू नाही. आणि यातला एकही प्रश्न गाडी बनवणाऱ्या कंपनीला कोटा देऊन सुटत नाही. कंपनीवरच्या सक्तीची हद्द शोरूमच्या दारापाशी संपते.

दुसरा मुद्दा विजेचा. २०३५ चा नियम मंजूर होऊन आठवडाही झाला नव्हता, तोवर कॅलिफोर्नियात उष्णतेची लाट आली. तिथल्या वीज-जाळ्याच्या चालकाने लोकांना आवाहन केलं की संध्याकाळी ४ ते ९ या वेळात वीज जपून वापरा, शक्यतो गाड्या चार्ज करू नका. ६ सप्टेंबर २०२२ ला मागणी ५२,००० मेगावॉटच्या वर गेली, आजवरचा उच्चांक. विरोधकांना आयता मुद्दा मिळाला: विजेचा पत्ता नाही आणि निघाले सगळ्यांना विजेवर आणायला.

पण त्या आवाहनातली वेळ नीट बघा. अडचण दिवसभराची नव्हती, सूर्य मावळतानाच्या चार-पाच तासांची होती. सौर वीज उतरते आणि घरोघरचे एसी चालूच असतात, ती वेळ. रात्री बारानंतर किंवा भर दुपारी चार्ज होणाऱ्या गाडीचा जाळ्याला त्रास नाही, उलट दुपारची जास्तीची सौर वीज तिच्यामुळे वाया जात नाही. कॅलिफोर्नियाने पुढच्या दोनेक वर्षांत जाळ्याला जोडलेल्या मोठ्या बॅटऱ्यांची क्षमता १०,००० मेगावॉटच्या पुढे नेली. प्रश्न खरा होता आणि त्यावर उपाय निघाला. पैसा आणि नियोजन मात्र भरपूर लागलं. ज्या राज्यात आजही उन्हाळ्यात भारनियमन होतं, तिथे हा आक्षेप असा सहज बाजूला सारता येणार नाही.

तिसरा मुद्दा आपल्या अगदी जवळचा: वीजच कोळशावर होत असेल तर गाडी स्वच्छ कशी? ‘इंटरनॅशनल कौन्सिल ऑन क्लीन ट्रान्सपोर्टेशन’ या संस्थेने २०२१ मध्ये गाडी व बॅटरी बनवण्यापासून ती भंगारात जाईपर्यंतचा सगळा हिशेब मांडला. तेव्हा विक्रीला आलेली मध्यम आकाराची इलेक्ट्रिक गाडी आयुष्यभरात पेट्रोल गाडीपेक्षा युरोपात ६६ ते ६९ टक्के आणि अमेरिकेत ६० ते ६८ टक्के कमी हरितगृह वायू सोडते. चीनमध्ये हा फायदा ३७ ते ४५ टक्के आणि भारतात १९ ते ३४ टक्के. आपल्याकडची बरीचशी वीज कोळशाची असूनही फायदा आहे, पण युरोपच्या निम्म्याहून कमी. शहरातल्या माणसासाठी याशिवाय एक वेगळा हिशेब आहे. सिग्नलला थांबलेल्या गाडीचा धूर मुलाच्या नाकात जातो. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राचा धूर पुण्याच्या सिग्नलवर येत नाही. चंद्रपूरकरांच्या नाकात मात्र जातो. म्हणून कोळसा कमी न करता फक्त गाड्या बदलणं म्हणजे एका जिल्ह्याची घाण दुसऱ्या जिल्ह्यात टाकणं आहे, असं कुणी विदर्भातून म्हटलं तर ते मला पूर्ण मान्य आहे.

चौथा मुद्दा चीनचा. बॅटरीसाठीचा ग्रॅफाइट, प्रक्रिया केलेली खनिजं, मोटरमधली चुंबकं यांवर चीनची पकड घट्ट आहे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने विरळ मृदा धातू आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले आणि काही महिन्यांतच बजाज ऑटोच्या इलेक्ट्रिक चेतकच्या उत्पादनाला फटका बसला. आखाती तेलाचं ओझं उतरवून चिनी चुंबकांचं डोक्यावर घेण्याचा हा धोका आहे. फरक एकच आणि तो महत्त्वाचा: तेल रोज जळतं आणि रोज विकत घ्यावं लागतं. चुंबक एकदा गाडीत बसलं की गाडीच्या आयुष्यभर पुरतं.

बंदी न घालता नॉर्वेने काय केलं

नॉर्वेचं नाव या वादात दोन्ही बाजू घेतात. तिथे २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी जवळपास ८९ टक्के पूर्ण इलेक्ट्रिक होत्या आणि तरीही पेट्रोल गाडी विकण्यावर कायद्याने बंदी नव्हती. पेट्रोल गाडीवर वजनाप्रमाणे आणि धुराप्रमाणे जबर नोंदणी कर, इलेक्ट्रिकला तो आणि २५ टक्के मूल्यवर्धित करही वर्षानुवर्षं माफ होता. याची सुरुवात गमतीशीर आहे. १९८९ मध्ये ‘आ-हा’ या प्रसिद्ध बँडमधली मंडळी आणि ‘बेलोना’ या पर्यावरण संस्थेचा प्रमुख फ्रेडरिक हाउगे यांनी एक फियाट पांडा इलेक्ट्रिक करून आणली आणि टोल भरायला नकार देत नाक्यांवरून हिंडवली. दंडाच्या रकमा साचत गेल्या, गाडी जप्त होऊन लिलावात निघाली, पुन्हा सोडवली गेली. पुढे १९९० च्या दशकात इलेक्ट्रिक गाड्यांना टोल माफ झाला.

‘पाहा, सक्ती न करताही जमतं’ असं म्हणणाऱ्यांनी त्याचं बिलही पाहावं. कर माफ करायला नॉर्वेकडे तेल आणि वायू विकून जमवलेला निधी होता, वीज जवळपास सगळी जलविद्युत, आणि सवलतीचा मोठा वाटा आधीच सुखवस्तू असलेल्या घरांना गेला. २०२३ पासून ५ लाख क्रोनरच्या वरच्या किमतीवर मूल्यवर्धित कर लागू झाला तो त्यामुळेच. लालूच दाखवायची तर तिजोरी भरलेली लागते. सक्तीला सरकारचा खर्च कमी, पण तो कंपनीवर आणि शेवटी काही अंशी गाडीच्या किमतीवर जातो. फुकटचा मार्ग या दोन्हींत नाही.

सगळ्यात वाईट काय?

नियम कडक असण्यापेक्षा तो सतत हलता असणं वाईट. जून २०२५ मध्ये अमेरिकी संसदेने मंजूर केलेल्या ठरावावर राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी सही केली आणि कॅलिफोर्नियाला डिसेंबर २०२४ मध्ये मिळालेली २०३५ च्या नियमाची परवानगी रद्द झाली. त्याच दिवशी कॅलिफोर्निया आणि आणखी दहा राज्यं कोर्टात गेली. ब्रिटनने २०३० ची तारीख २०२३ मध्ये २०३५ केली, सरकार बदलल्यावर पुन्हा २०३० केली आणि २०३५ पर्यंत हायब्रिडला वाट करून दिली. युरोपने २०३५ ला १०० टक्के म्हटलं, मग जर्मनीच्या आग्रहावरून कृत्रिम इंधनाची फट ठेवली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगानेच ते ९० टक्क्यांवर आणायचा प्रस्ताव मांडला.

गाडीचं नवं मॉडेल आखून बाजारात आणायला साधारण चार-पाच वर्षं लागतात. दर दोन वर्षांनी तारीख सरकली तर सरकारवर विश्वास ठेवून कारखान्यात पैसे घातलेली कंपनी बुडते आणि हातावर हात ठेवून बसलेली कंपनी जिंकते. चीनने २०१९ पासून कंपन्यांना क्रेडिटचा कोटा लावला, काही मोठ्या शहरांत इलेक्ट्रिक गाडीला हिरवी नंबरप्लेट सहज आणि पेट्रोल गाडीला लिलावात महागात, असा बंदोबस्त केला, आणि दिशा बदलली नाही. चीनच्या राज्यकारभाराचं कौतुक करण्याचा माझा हेतू नाही. पण आज जगातल्या मोटार कंपन्या चीनच्या बीवायडी या इलेक्ट्रिक गाड्यांच्या कंपनीला का घाबरतात, याचं एक उत्तर या सातत्यात आहे.

आपल्याकडे

भारतात २०१७ मध्ये तेव्हाचे ऊर्जामंत्री पीयूष गोयल यांनी २०३० पर्यंत देशात एकही पेट्रोल-डिझेल गाडी विकली जाऊ नये अशी इच्छा बोलून दाखवली. पुढच्याच वर्षी सरकारने माघार घेतली. २०१९ मध्ये नीती आयोगाने तीनचाकी २०२३ पासून आणि १५० सीसीखालच्या दुचाकी २०२५ पासून फक्त इलेक्ट्रिक करायची कल्पना मांडली. बजाज आणि टीव्हीएसने उघड विरोध केला आणि तीही मागे पडली.

पण कंपनीवरची सक्ती भारतात आहेच, फक्त तिच्या नावात ‘इलेक्ट्रिक’ नाही. तिचं नाव कॅफे. कंपनीने वर्षभरात विकलेल्या सगळ्या मोटारींचा सरासरी कार्बन डायऑक्साइड ठराविक मर्यादेत हवा, असा हा नियम. त्यात एक इलेक्ट्रिक गाडी विकली की सरासरी काढताना ती तीन गाड्या म्हणून धरली जाते. मर्यादा जसजशी खाली येईल तसतशा कंपनीला इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड विकाव्याच लागतील. २०२७ पासूनच्या पुढच्या टप्प्यात छोट्या पेट्रोल गाड्यांना सवलत द्यायची का, यावरून मारुती एका बाजूला आणि टाटा, महिंद्रा दुसऱ्या बाजूला अशी ओढाताण झाली. आपल्या देशातली खरी सक्ती अशा तांत्रिक तक्त्यांत ठरते आणि त्यावर जाहीर चर्चा फार कमी होते.

मालकावरची सक्ती कशी असते ते दिल्लीने दोनदा पाहिलंय. २८ जुलै १९९८ ला सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणवादी वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेत आदेश दिला की ३१ मार्च २००१ पर्यंत दिल्लीच्या सगळ्या बसेस सीएनजीवर आणाव्यात. मुदत आली तेव्हा ना पुरेशा बसेस होत्या ना पुरेसे पंप. प्रवासी थांब्यांवर खोळंबले, रिक्षावाल्यांनी गॅससाठी रात्र-रात्र रांगा लावल्या. रांगेत उभी असलेली रिक्षा धंदा करत नाही, म्हणजे दिल्लीच्या स्वच्छ हवेचा पहिला हप्ता रिक्षावाल्याने भरला. न्यायालयाने मुदत वाढवली, डिझेल बसेसना रोजचा दंड लावला आणि २००२ च्या अखेरीस शहर बसेस सीएनजीवर आल्या. निकाल चांगला, हे मी मान्य करतो. पण आदेशाच्या आधी पंप उभे राहिले असते तर त्या रांगा टळल्या असत्या. दुसरी वेळ जुलै २०२५ ची. दहा वर्षांहून जुन्या डिझेल आणि पंधरा वर्षांहून जुन्या पेट्रोल गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचं नाही, असा नियम लागू झाला. लोक इतके खवळले की काही दिवसांतच तो थांबवावा लागला. जपून वापरलेली, मोजकी चालवलेली गाडी केवळ वयामुळे भंगारात घालायला लावणं, आणि तेही बदल्यात काही न देता, हा मला अन्याय वाटतो.

महाराष्ट्राने सौम्य मार्ग धरला आहे. २०२५ च्या धोरणात २०३० पर्यंत नव्या नोंदणीत ३० टक्के इलेक्ट्रिक वाहनांचं उद्दिष्ट आहे, महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करायची आहे आणि समृद्धी, अटल सेतू, पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग यांवर ई-मोटारींना आणि ई-बसेसना टोलमाफी आहे. चांगलंच आहे. पण ३० टक्के गाठले नाहीत तर जबाबदार कोण, याचं उत्तर कॅलिफोर्नियाच्या नियमात सापडतं तसं इथे सापडत नाही. टोलमाफीचा लाभ मोटारवाल्यांना, नॉर्वेसारखाच. या राज्यात रोज सर्वाधिक पेट्रोल पिणाऱ्या दुचाकींना द्रुतगती मार्गावर प्रवेशच नाही.

आणि एका गोष्टीवर तर कॅलिफोर्नियाचा नियमही आपल्याला फारसं शिकवत नाही, कारण तिथे इंजिनाचे सुटे भाग बनवणारी आपल्यासारखी वस्ती नाही. भोसरी, चाकण, पिंपरी-चिंचवडमधले लघुउद्योजक पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह, गिअर, सायलेन्सर बनवतात. कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत सिलिंडर ब्लॉक आणि हेडचे कास्टिंग ओतले जातात. इलेक्ट्रिक गाडीला यातलं बहुतेक काही लागत नाही. ब्रेक ड्रम लागेल, मोटरचं आवरण लागेल, पण ते बहुधा ॲल्युमिनियमचं आणि डायकास्ट केलेलं, म्हणजे धातूच्या साच्यात दाबाने ओतलेलं. बिडाच्या भट्टीचं काम वेगळं, ते मशीन वेगळं आणि कर्जही वेगळं. ज्या कारखान्यात वीस माणसं कामाला आहेत आणि मशीनचे हप्ते अजून चालू आहेत, त्याच्या मालकाला २०३० चं उद्दिष्ट वर्तमानपत्रातून कळून भागत नाही. त्याला आत्ता कळायला हवं की कुठल्या सुट्या भागाची मागणी कोणत्या वर्षी किती घटणार आहे, नव्या मशीनसाठी कर्जाच्या व्याजात सरकार किती भार उचलणार आहे, आणि त्याच्या मोल्डरला, टर्नरला कोल्हापूरच्याच आयटीआयमध्ये डायकास्टिंग किंवा मोटर वाइंडिंग शिकायची सोय कधी होणार आहे. राज्याने पुढचं उद्दिष्ट जाहीर करताना हे तीन आकडे त्याच शासन निर्णयात छापावेत, टोलमाफीच्या कलमाच्या वर.